पहिल्या लेव्हलचा ड्वार्फ क्लेरिक, एसी २८?? कॅरेक्टर बनवताना कुठे चुकतंय, सांगा

अर्धा_चिलखती

नमस्कार मंडळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती पहिल्यांदाच खेळतोय. पुढच्या आठवड्यात पहिला डाव आहे. डीएमने (डाव चालवणाऱ्याने) सांगितलं, "लेव्हल १ चं कॅरेक्टर घेऊन ये, फासे टाकू नकोस, स्टँडर्ड अ‍ॅरे वापर." दोन रात्री बसून शीट भरली. डीएमला फोटो पाठवला तर नुसता हसण्याचा इमोजी आला आणि "परत वाच". आता काय परत वाचू? म्हणून इथे टाकतोय.

वंश ड्वार्फ (हिल), क्लास क्लेरिक (पुजारी), लाइफ डोमेन (क्लेरिकची उपशाखा), बॅकग्राउंड (पूर्वायुष्य) अ‍ॅकोलाइट.
स्ट्रेंग्थ १३, डेक्स्टेरिटी १०, कॉन्स्टिट्यूशन १६, इंटेलिजन्स ८, विस्डम १८, करिष्मा १३.
एचपी (अंगात किती जीव आहे ते) २५. एसी (मला वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) २८. स्किल: इनसाइट +८, रिलिजन +३.
मंत्र: तयार ५, शिवाय डोमेनचे २. स्लॉट किती ते कळलंच नाही, म्हणून तिथे ७ लिहिलंय.

हिशोब असा केला: अ‍ॅरेतले १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे सहा स्कोअरना वाटून दिले. ड्वार्फ म्हणून कॉन्स्टिट्यूशनला २, हिल ड्वार्फ म्हणून विस्डमला १, अ‍ॅकोलाइट म्हणून विस्डमला २ आणि करिष्माला १. एचपी म्हणजे क्लेरिकचे ८ अधिक कॉन्स्टिट्यूशन १६ अधिक ड्वार्फचा १. एसी म्हणजे १० अधिक चेन मेलचे १६ अधिक ढालीचे २.

बेरजा दोनदा तपासल्यात. मग हसण्यासारखं काय आहे?

फासेफेकू

बेरजा अगदी बरोबर आहेत. :) गडबड आहे ती काय कशात मिळवायचं याची.

आधी सांगा, पुस्तक कोणतं वापरताय? कारण तुमचा ड्वार्फ २०१४ चा दिसतोय आणि अ‍ॅकोलाइट २०२४ चा.

अर्धा_चिलखती

ड्वार्फ आणि क्लेरिक एका जुन्या पीडीएफमधून घेतले, बॅकग्राउंड मित्राच्या नव्या पुस्तकातून. दोन्हींना पाचवी आवृत्तीच म्हणतात ना?

जुनीखोड

हाच तो खड्डा. यात आम्ही सगळेच पडलोय, लाजू नका.

दोन्ही पाचव्याच आवृत्तीचे आहेत, पण २०२४ मध्ये नियमपुस्तक नव्याने लिहिलं आणि कॅरेक्टर बनवायच्या प्रकरणात सगळ्यात मोठा फरक केला तो नेमका इथे. २०१४ मध्ये स्कोअरमधली वाढ वंशातून यायची. ड्वार्फला कॉन्स्टिट्यूशन +२, त्यात हिल ड्वार्फला विस्डम +१. बॅकग्राउंडमधून दोन स्किल, थोडं सामान आणि एखादी गोष्टीपुरती सवलत मिळायची, आकडे वाढायचे नाहीत. २०२४ मध्ये ही वाढ उचलून बॅकग्राउंडमध्ये टाकली. आता प्रत्येक बॅकग्राउंडला तीन स्कोअर नेमून दिलेत. त्यातल्या एकाला +२ आणि दुसऱ्याला +१, नाहीतर तिघांनाही +१. अ‍ॅकोलाइटचे तीन म्हणजे इंटेलिजन्स, विस्डम, करिष्मा. आणि वंश, ज्याला आता स्पीशीज म्हणतात, तो आकडे वाढवत नाही.

तुम्ही एकाच कामाचा पगार दोन खिडक्यांवरून उचललात. एकूण +६ झाले, मिळायला हवे होते +३.

सावलीतला_चोर

जुनीखोड यांना +१. शिवाय जुनं-नवं मिसळायचंच असेल तर त्याचाही नियम नव्या पुस्तकात दिलाय. जुन्या पुस्तकातली स्पीशीज घेतली तर तिची स्कोअरवाढ सोडून द्यायची. जुनं बॅकग्राउंड घेतलं तर +२/+१ किंवा तीन +१ आपल्या मर्जीने लावायचे, आणि त्या बॅकग्राउंडमध्ये फीट (खास गुण) नसेल तर एक ओरिजिन फीट निवडायचा. म्हणजे कसंही मिसळा, वाढ एकदाच.

माझी सवय सांगतो. शीटवर प्रत्येक आकड्याच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहितो की तो कुठून आला. 'ब' म्हणजे बॅकग्राउंड, 'क' म्हणजे क्लास. ज्या आकड्याला अक्षर सापडत नाही तो आकडा खोटा. तुमच्या विस्डमपुढे मला 'ड, ब' अशी दोन अक्षरं लिहावी लागली असती, तिथेच पकडले गेला असतात.

अर्धा_चिलखती

बरं. म्हणजे लाइफ डोमेनही गेलं?

जुनीखोड

आत्तापुरतं गेलं. २०१४ मध्ये क्लेरिकला डोमेन पहिल्याच लेव्हलला मिळायचं आणि लाइफवाल्याला त्यातूनच जड चिलखत वापरता यायचं. नव्या नियमांत सगळ्या क्लासेसचा सबक्लास तिसऱ्या लेव्हलला येतो. पहिल्या लेव्हलला क्लेरिकसमोर एक निवड असते, प्रोटेक्टर किंवा थॉमटर्ज. प्रोटेक्टर घेतलात तर जड चिलखत आणि मार्शल शस्त्रं. थॉमटर्ज घेतलात तर एक जास्तीचा कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा मंत्र) आणि आर्केना-रिलिजनच्या चेकमध्ये (फासा टाकून होणाऱ्या कसोटीत) विस्डमचा मॉडिफायर वरून.

चेन मेल घालायचंय ना? मग प्रोटेक्टर.

गणिती_घुबड

वंश-बॅकग्राउंड झालं असेल तर माझ्या लाडक्या विषयाकडे वळू. एचपी २५!

धागाकर्ते, तुम्ही एचपीत कॉन्स्टिट्यूशनचा स्कोअर मिळवलाय, मिळवायचा असतो मॉडिफायर. स्कोअरमधून १० वजा करा, उरलेल्याचे निम्मे करा, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्या. १४ चे +२, १५ चे पण +२, १६ चे +३. १० आणि ११ चे शून्य. खालच्या बाजूला जरा जपून: ९ चा मॉडिफायर शून्य नाही, −१ आहे, कारण उणे अर्धा खाली उतरवला की उणे एक होतो.

तुमचा खरा कॉन्स्टिट्यूशन १४ (वंशाची वाढ काढली). एचपी = ८ + २ + १ = ११. तो शेवटचा १ मात्र बरोबर आहे, नव्या ड्वार्फलाही दर लेव्हलला एक जादा एचपी मिळतो.

खेळताना पंचाण्णव टक्के वेळा मॉडिफायरच वापरला जातो (टक्केवारी माझ्या मनातली आहे, भांडू नका).

फासेफेकू

मग स्कोअर ठेवलाच कशाला, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून मीच आधी उत्तर देतो. १९७४ च्या मूळ खेळात तीन सहाबाजूंचे फासे टाकायचे आणि ज्या क्रमाने पडतील त्याच क्रमाने सहा रकान्यांत लिहायचे. ३ ते १८ हा पल्ला तिथून आला. पन्नास वर्षं झाली तरी तो आकडा कुणी काढत नाही, घरातल्या जुन्या कपाटासारखा. अगदीच निरुपयोगी नाहीये म्हणा. चेन मेलला स्ट्रेंग्थ १३ लागते, दोन क्लास एकत्र करायचे तर त्या-त्या मुख्य स्कोअरला १३ लागतात, आणि ओझं किती उचलता येईल ते स्ट्रेंग्थच्या १५ पट पौंड. तिथे मॉडिफायर चालत नाही, स्कोअरच बघतात.

अर्धा_चिलखती

अरे देवा. म्हणजे मी २५ चे ११ झालो. एसी तरी राहू द्या हो.

सावलीतला_चोर

नाही राहणार. :D

ते सुरुवातीचे १० असतात फक्त अंगावर चिलखत नसताना. बिनचिलखताचा एसी म्हणजे १० + डेक्स्टेरिटीचा मॉडिफायर. चिलखत चढवलं की तो हिशोब पुसायचा आणि चिलखताचा स्वतःचा हिशोब सुरू. चेन मेल म्हणजे सरळ १६, त्यात डेक्स्टेरिटी मिळवायची नाही (आणि कमी असली तरी वजाही करायची नाही, जड चिलखताची ती गंमत). लेदर असतं तर ११ + डेक्स्टेरिटी. चेन शर्ट १३ + डेक्स्टेरिटी, पण जास्तीत जास्त २. ढाल मात्र कुठल्याही चिलखतावर +२.

तुमचा एसी १६ + २ = १८. पहिल्या लेव्हलला १८ म्हणजे चैन आहे, तोंड पाडून बसू नका.

गणिती_घुबड

डीएम का हसला ते आकड्यांत बघा. साधा गॉब्लिन (छोटा राक्षस) वार करतो तेव्हा फाशात +४ मिळवतो. २८ गाठायला त्याला फाशावर २४ हवेत. वीसबाजूंच्या फाशावर २४ कुठून आणणार? नैसर्गिक २० पडला तरच लागेल, म्हणजे वीसात एकदा. एसी १८ ला त्याला १४ किंवा जास्त हवेत, वीसातले सात आकडे, ३५ टक्के. तुमची २८ वाली शीट चालली असती तर गॉब्लिनांनी तुम्हाला सोडून मागच्या विझार्डलाच धरलं असतं, आणि विझार्डने तुम्हाला.

नवखी_जादूगार

मध्येच विचारते, माझा पण एसीचाच घोळ आहे. बार्बेरियनला चिलखताशिवाय १० + डेक्स्टेरिटी + कॉन्स्टिट्यूशन. मंकला १० + डेक्स्टेरिटी + विस्डम. मग पुढे दोन्ही क्लास घेतले तर तिन्ही मिळतात का?

सावलीतला_चोर

नाही. एसी काढायच्या पद्धती कितीही माहीत असोत, एका वेळी एकच लागू. मेज आर्मर मंत्राचं पण तेच, १३ + डेक्स्टेरिटी ही आणखी एक पद्धत आहे, आधीच्या एसीवर +३ नव्हे. आमच्या टेबलावर या एका वाक्यावरून अख्खी संध्याकाळ गेली होती, आणि मी चुकीच्या बाजूने भांडत होतो.

जुनीखोड

इनसाइट +८ राहिलं. ते कसं आलं ते मी सांगतो, बरोबर आहे का बघा: विस्डम १८ चे +४, अ‍ॅकोलाइटमधून प्रोफिशियन्सी (स्किल येत असल्याचे जादा गुण) +२, क्लेरिकच्या यादीतूनही इनसाइटच घेतलं म्हणून परत +२.

अर्धा_चिलखती

मनकवडे आहात तुम्ही. रिलिजनचंही तेच केलं, −१ + २ + २.

जुनीखोड

प्रोफिशियन्सी एकदाच. ती आहे किंवा नाही, दुप्पट नसते. दुप्पट करायची सोय आहे, तिला एक्स्पर्टीज म्हणतात आणि ती रोग (चोर) या क्लासला पहिल्या लेव्हलला मिळते. तुम्हाला नाही. अ‍ॅकोलाइट इनसाइट आणि रिलिजन देतोच, तेव्हा क्लासच्या यादीतून दुसरी दोन घ्या. हिस्टरी, मेडिसिन, पर्सुएशन यांतली कुठलीही. मी मेडिसिन आणि पर्सुएशन घेतली असती.

रिलिजन मग +१ राहील, कारण ते स्किल इंटेलिजन्सवर चालतं आणि तुमचा ८ आहे. हो, देवाचा पुजारी आणि धर्माच्या ज्ञानात विझार्डपेक्षा मागे. हा विनोद खेळाइतकाच जुना आहे. थॉमटर्ज निवडला की तो विनोद बंद होतो, पण चिलखत जातं.

नवखी_जादूगार

आणि मंत्र? मला तयार मंत्र आणि स्लॉट यांतला फरक तीन डाव खेळूनही नीट सांगता येत नाही.

फासेफेकू

भाता आणि बाण अशी कल्पना करू नका, सगळे तीच करतात आणि फसतात. कारण तिथे बाण सुटला की गेला. इथे तयार मंत्र वापरला म्हणून संपत नाही.

असं समजा: तयार मंत्र म्हणजे आज तुला कोणते श्लोक पाठ आहेत. स्लॉट म्हणजे आज तुझ्या छातीत किती दम आहे. चार श्लोक पाठ आहेत आणि दम दोनदा म्हणण्यापुरता आहे. तर दोन्ही वेळा एकच श्लोक म्हण, किंवा दोन वेगवेगळे म्हण, पण तिसऱ्यांदा आवाज फुटणार नाही. लाँग रेस्ट (लांब विश्रांती) घेतली की दम परत. कँट्रिपला दम लागतच नाही.

पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला तयार मंत्र ४, स्लॉट २, कँट्रिप ३. नव्या पुस्तकात हे सरळ तक्त्यात दिलंय. जुन्यात तयार मंत्र = विस्डमचा मॉडिफायर + क्लेरिकची लेव्हल असं होतं. विस्डमचे +३ असतील तर तेही ४ च येतात, त्यामुळे चूक झाली तरी कळत नाही.

गणिती_घुबड

आणि अ‍ॅकोलाइटचा ओरिजिन फीट विसरू नका! मॅजिक इनिशिएट, क्लेरिकच्या यादीतला. त्यातून आणखी २ कँट्रिप आणि पहिल्या लेव्हलचा १ मंत्र. तो मंत्र कायम तयार असतो, दिवसातून एकदा स्लॉट न खर्चता टाकता येतो, आणि मग हवं तर स्लॉट खर्चून परतही. म्हणजे कँट्रिप एकूण ५, मंत्र ४ + १.

धागाकर्त्यांनी स्लॉट ७ लिहिले ते ५ + २ करून. ते मात्र काहीच्या काही.

नवखी_जादूगार

थांबा, "पहिल्या लेव्हलचा मंत्र" आणि "पहिल्या लेव्हलचं कॅरेक्टर" यातली लेव्हल एकच ना? दुसऱ्या लेव्हलला गेले की दुसऱ्या लेव्हलचे मंत्र?

जुनीखोड

नाही. एकच शब्द दोन कामांना जुंपलाय, यात तुझी काही चूक नाही. दुसऱ्या लेव्हलचे मंत्र तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डला किंवा क्लेरिकला मिळतात, तिसऱ्या लेव्हलचे पाचव्याला. आम्ही टेबलावर मंत्रांसाठी 'दर्जा' म्हणतो, 'दुसऱ्या दर्जाचा मंत्र'. लेव्हल फक्त माणसाची. भांडणं निम्म्यावर आली.

गणिती_घुबड

आता आकडे लावूया. अ‍ॅरे वाटलेली तशीच ठेवा: स्ट्रेंग्थ १३ (चेन मेलसाठी, कमी पडली तर चाल १० फुटांनी घटते), डेक्स्टेरिटी १०, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स ८, विस्डम १५, करिष्मा १२. अ‍ॅकोलाइटचे तीन कुठे लावायचे?

तुम्ही विस्डम +२, करिष्मा +१ केलं असतं. विस्डम १७, करिष्मा १३. मॉडिफायर +३ आणि +१. आता उलट करा: विस्डम +१, करिष्मा +२. विस्डम १६, करिष्मा १४. मॉडिफायर +३ आणि +२. तेवढ्याच पैशांत एक मॉडिफायर जास्त. विषम आकडा म्हणजे न वठलेला चेक.

सावलीतला_चोर

असहमत. चेक वठतो, चौथ्या लेव्हलला. तिथे असे फीट मिळतात जे एका स्कोअरला +१ देतात आणि वर काहीतरी गुणही देतात. १७ वाल्याचा विस्डम १८ होतो आणि गुण फुकट. १६ वाल्याला १८ साठी दोन्ही पॉइंट विस्डममध्येच ओतावे लागतात.

गणिती_घुबड

चौथ्या लेव्हलपर्यंत जिवंत राहिला तर. ११ एचपीवाला माणूस आहे तो.

सावलीतला_चोर

एसी १८ आहे!

फासेफेकू

दोघांचंही बरोबर आहे. डाव किती महिने चालणार ते डीएमला विचारा. दोन-तीन बैठकांचा असेल तर घुबडाचं ऐका, लांबलचक असेल तर चोराचं.

अवांतर: फासे न टाकता स्टँडर्ड अ‍ॅरे देणाऱ्या डीएमचे आभार माना. चार फासे टाकून सर्वात कमी असलेला सोडायची पद्धत सरासरीने अ‍ॅरेपेक्षा किंचित बरी आहे, सहा आकड्यांची बेरीज साधारण ७३.५ येते आणि अ‍ॅरेची ७२. पण सरासरी टेबलावर येऊन बसत नाही. आमच्या एका डावात एकीला दोन १७ पडले आणि शेजारच्याचा सर्वात मोठा आकडा १३. तो बिचारा वर्षभर तिचं सामान वाहत होता, कथेत आणि बाहेरही.

जुनीखोड

सामानावरून आठवलं. चेन मेल कुठून आणलंत? नव्या क्लेरिकच्या तयार संचात चेन शर्ट आणि ढाल असते, चेन मेल नसतं. दुसरा पर्याय रोख ११० सोन्याची नाणी. चेन मेल ७५, ढाल १०, गदा ५. झाले ९०. उरले २०. होली सिंबॉल अ‍ॅकोलाइटच्या सामानात येतो आणि त्यासोबत ८ नाणी. खिशात २८.

अर्धा_चिलखती

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी शीट, प्रत्येक आकड्याला अक्षर लावून. फक्त नव्या पुस्तकावरून:

ड्वार्फ, क्लेरिक (प्रोटेक्टर), अ‍ॅकोलाइट.
स्ट्रेंग्थ १३ (+१), डेक्स्टेरिटी १० (०), कॉन्स्टिट्यूशन १४ (+२), इंटेलिजन्स ८ (−१), विस्डम १६ (+३), करिष्मा १४ (+२). घुबडाचं ऐकलं, डाव चार बैठकांचा आहे.
एचपी ११, एसी १८.
इनसाइट +५, मेडिसिन +५, पर्सुएशन +४, रिलिजन +१.
सेव्ह (धोका टाळायच्या फाशात): विस्डम +५, करिष्मा +४.
मंत्राचा डीसी (माझा मंत्र टाळायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) ८ + २ + ३ = १३.
गदा: मारायला +३, इजा १डी६ (एक सहाबाजूंचा फासा) + ३.

सावलीतला_चोर

सुरेख! फक्त शेवटची ओळ. इजेत प्रोफिशियन्सी मिळवत नाहीत, फक्त स्ट्रेंग्थचा मॉडिफायर. १डी६ + १.

अर्धा_चिलखती

केलं. डीएमकडून अंगठ्याचा इमोजी आला!

अर्धा_चिलखती

(पाच दिवसांनी) मंडळी, डाव चालू आहे, टेबलाखालून टाइप करतोय. गॉब्लिनचा फासा १४ पडला. १४ अधिक ४, बरोबर १८. माझा एसी पण १८. बरोबरी झाली की लागतो की हुकतो? डीएम म्हणतो लागतो.

गणिती_घुबड

लागतो. वर लिहिलंय की, "१४ किंवा जास्त". एचपी किती उरले?

अर्धा_चिलखती

३.